गडावरच्या मुक्कामाचा हलका शिधा

गडावर मुक्काम असेल, तर मी डाळ-तांदूळ नेतच नाही. वेळ, गॅस, पाणी, सगळंच जास्त लागतं. माझं मत बेसनाला, म्हणजे पिठल्याला. बेसन घरीच मंद आचेवर खमंग भाजा, त्यात मीठ, तिखट, हळद, जिरं आणि कडकडीत वाळवलेला कांदा-लसूण मिसळा. माणशी 50 ग्रॅम पुरे. वर गेल्यावर आधी गार पाण्यात कालवा, मगच आचेवर ठेवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलंत की गुठळ्या झाल्याच. सोबत सोलापुरी कडक भाकरी, ती आठवडाभर सहज टिकते. सोयाच्या वड्या हलक्या खऱ्या, पण मला नाही रुचत. ओल्या खोबऱ्याचं वाटण नकोच, संध्याकाळपर्यंत आंबतं. मासळी चालत असेल तर भाजलेला सुका जवळा वरून भुरभुरा. पिशवी मात्र दुहेरी बांधा, नाहीतर अख्ख्या सॅकला वास.