नवा पार्ट सॅम्पलच्या पुढे जात नाही? मालकांनो, या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या कितीतरी छोट्या कारखान्यांचा माल इंजिनात जातो. इलेक्ट्रिक स्कूटरला पिस्टन लागत नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सरही नाही. हे सगळ्यांना कळलंय. तरी नवं काम अडतं आणि मालक म्हणतात, "आमच्या पोरांना काही सुचतच नाही." पोरांना सुचतं. खोट बहुतेक वेळा मालकाच्या केबिनमध्ये असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नव्या कामाला उरलासुरला वेळ देणं. डिस्पॅचची घाई झाली की ट्रायलचा जॉब मशीनवरून उतरतो, आणि महिनाअखेर तर दर महिन्याला येतेच. आठवड्यातली एक शिफ्ट, एक मशीन ट्रायलसाठी राखून ठेवा. ती रद्द करायचा अधिकार फक्त मालकाचा, तोही कारण लिहून. माणूसही रिकामा असलेला नको. ज्याच्यावाचून लाइन अडते तोच द्या. जीव तुटेल, पण द्या.

दुसरी चूक हिशोबाची. मोठ्या लॉटचा दर पन्नास पीसना लावला तर तोटाच दिसणार. फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या त्यांच्याच इंजिनिअरने 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता. पण कमाई फिल्मवर होती म्हणून तो मागे पडला, आणि 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुरुवातीला नफा विचारू नका. ग्राहकाने सॅम्पल पास केलं का, रिजेक्शन उतरतंय का, ते विचारा. खर्चाची आणि महिन्यांची मर्यादा मात्र आधीच ठरवा. ऑर्डरची खात्री नसताना कर्ज काढून मशीन घेऊ नका.

घेतलेला निर्णय फिरवण्यात कमीपणा वाटणं, हीही चूकच. ज्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, तिच्या बजाजने 2001 मध्ये पल्सर आणली, 2009 मध्ये स्कूटर सोडायचं जाहीर केलं आणि 2019 मध्ये चेतक इलेक्ट्रिक रूपात परत आणली.

ट्रायल फसल्यावर "कोणी केलं?" हा पहिला प्रश्न असेल, तर फिक्स्चर (मशीनवर जॉब पकडून ठेवणारा साचा) चुकलंय हे ऑपरेटर पुढच्या वेळी सांगणार नाही. "काय दिसलं?" असं विचारा, आणि सुपरवायझरच्या आधी त्याला बोलू द्या. कैझेन बोर्डावर, म्हणजे कामगार सुधारणा सुचवतात त्या फळ्यावर, सूचना आली की आठवड्याच्या आत हो किंवा नाही सांगा. नाही म्हणायचं असेल तर कारण त्याच बोर्डावर लिहा.