स्टॅक लॉक करताना गार्ड पान वगळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागांवर तुटलेला धागा टिपणारा आमचा लिनक्स प्रोग्रॅम. रॅम मोकळी, तरी थ्रेडचा (प्रोग्रॅममधल्या एका स्वतंत्र कामाचा) स्टॅक, म्हणजे त्याची कामापुरती मेमरी, लॉक करताना एमलॉक (मेमरी रॅममध्येच धरून ठेवायची लिनक्सची सोय) ‘मेमरी अपुरी’ म्हणायचा. अडचण रॅमची नव्हतीच. लॉकच्या पट्ट्यात स्टॅकच्या तळाचं गार्ड पान, म्हणजे हद्द राखणारा मेमरीचा छोटा तुकडा, येत होतं. त्याला वाचायची-लिहायची परवानगीच नसते, म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) ते रॅममध्ये भरू शकत नाही.

१. प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, मॅप्स नकाशा (मेमरीचे भाग दाखवणारी फाइल) उघडा. स्टॅकच्या लगेच आधीची, परवानगीच्या जागी नुसत्या रेघा असलेली ओळ म्हणजे गार्ड; बहुधा ४ केबी.
२. ती ओळ संपते तिथपासून लॉक करा.
३. थ्रेड बनवतानाच स्टॅक लहान मागा. नेहमीचा ८ एमबीचा असतो, अख्खा लॉक केला तर तेवढी रॅम अडकते.

वैतागून गार्डचा आकार शून्य मात्र करू नका. स्टॅक ओसंडला तर प्रोग्रॅम जागीच पडण्याऐवजी शेजारची मेमरी गुपचूप बिघडेल.