फ्रेमवर्क मेलंय की निवांत आहे, हे कसं ओळखायचं

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं आवक-जावकीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ते कोडइग्नायटर ३ वर आहे; हे पीएचपी भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब-सॉफ्टवेअर उभं करायचा तयार सांगाडा. २०२४ च्या दिवाळीनंतर मालकांच्या पुतण्यानं शोध लावला की ३ ची शेवटची आवृत्ती, ३.१.१३, मार्च २०२२ मधली आहे. लगेच मालकांचा, म्हणजे अण्णांचा, फोन. "अरे, त्या लोकांनी दुकान बंद केलं काय? सीझन तोंडावर आलाय!"

शंका रास्त होती, पण नुसत्या तारखेवरून काही ठरत नाही. रिअ‍ॅक्ट या वेबपानं बनवायच्या साधनाची १८.२ ही आवृत्ती जून २०२२ मध्ये आली आणि १८.३ थेट एप्रिल २०२४ मध्ये. मधल्या काळात काम मात्र धो धो चालू होतं.

म्हणून मी आधी गिटहबवर, जिथं असा कोड सगळ्यांसाठी ठेवलेला असतो, शेवटचा टॅग (आवृत्तीची खूण) आणि चालू शाखा (काम सुरू असलेली प्रत) यांची तुलना उघडतो. टॅगनंतर कमिट, म्हणजे कोडमधले नोंदलेले बदल, पडतायत का? एकच माणूस पाडतोय की तीन-चार जण? नुसत्या स्पेलिंग-दुरुस्त्या असतील तर ती रंगरंगोटी, मी मोजत नाही. मग इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी-मागण्या, बघतो, तेही बंद झालेले. उघडे किती पडलेत याला फारसा अर्थ नसतो. "हे आम्ही करणार नाही, कारण अमुक" असं कुणी आठवड्याभरात लिहून इश्यू बंद करत असेल, तर घरात माणूस आहे. "हालचाल नाही म्हणून बंद" असं बॉटनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, ओळीनं टाकलेलं दिसलं की माझे कान टवकारतात. सुरक्षेची त्रुटी कळवायला पत्ता दिलाय का, तेही पाहून घ्या.

आता पुढचं काय ते कुणी सांगतंय का, हे बघा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. जुलै २०१३ मध्ये कोडइग्नायटर बनवणाऱ्या एलिसलॅब कंपनीनं जाहीर केलं की कोडइग्नायटरला नवा वाली हवाय. ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं ते पदरात घेतलं. मधे २.२ आलीसुद्धा, पण तोवर माझ्या ओळखीतले निम्मे लोक लाराव्हेल या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्ककडे गेले होते. आवृत्ती आली, भरवसा आला नाही. याउलट जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क साधारण आठ महिन्यांनी नवी आवृत्ती देतं आणि कुठली कधीपर्यंत सांभाळणार ते आधीच सांगून ठेवतं. तिथं असे फोन येत नाहीत.

एवढं करून फ्रेमवर्क जिवंत निघालं तरी खरी घंटा वाजते ती खालून, पीएचपीकडून. पीएचपी ८.२ मध्ये डायनॅमिक प्रॉपर्टी (क्लासमध्ये आधी न जाहीर करता ऐनवेळी बनवलेल्या) 'डेप्रिकेटेड' झाल्या, म्हणजे पुढे चालणार नाहीत असा इशारा लागला, आणि कोडइग्नायटर ३ तर त्यांच्यावरच उभं आहे: मॉडेल (डेटा सांभाळणारा भाग) लोड केलं की ते कंट्रोलरवर (पानाची विनंती हाताळणाऱ्या भागावर) न जाहीर केलेली प्रॉपर्टी बनून बसतं. मी पॅकहाऊसच्या प्रणालीची प्रत घरच्या मशीनवर ८.२ वर चढवली. काटापावतीचं पान उघडलं. पावती बरोबर आली, पण लॉगमध्ये सूचनांचा पाऊस. आज त्या नुसत्या सूचना आहेत, पीएचपी ९ मध्ये त्याच एरर व्हायच्या आहेत. तूर्त कंट्रोलर, लोडर, राउटर, यूआरआय आणि डेटाबेस ड्रायव्हर या क्लासांच्या डोक्यावर 'अलाऊ डायनॅमिक प्रॉपर्टीज' ही परवानगीची एकेक ओळ टाकली. सिस्टीम फोल्डरला, म्हणजे फ्रेमवर्कच्या मूळ कोडला, हात लावणं हे पाप आहे, मान्य. निदान ते लपवू नका. बदलांची पॅच फाइल करून रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तुमच्या नावानं बोटं मोडेल.

आणि हो, ही चाचणी थेट सर्व्हरवर करू नका. मी एकदा केली होती, शनिवारी संध्याकाळी.

शेवटी गिऱ्हाइकाला तारीख लिहून द्या. "काळजी नको" या शब्दांना कुणी विचारत नाही. अण्णांना मी एकच पान दिलं: सध्या काय चालतंय, पीएचपी ८.२ ला सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मिळतील, आणि कोडइग्नायटर ४ वर जायचं तर अपडेट म्हणून भागणार नाही, बरंचसं नव्यानं लिहावं लागेल, त्याचा खर्च इतका.

अण्णांनी तारखेखाली पेनानं रेघ मारली. "म्हणजे दोन सीझन निघतात."

"निघतात."

"मग हे काम एप्रिल छाटणीनंतर धर. तेव्हा पॅकहाऊस रिकामंच असतं."