लेवीयांच्या सेवेची तयारी : तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी मार्गदर्शन

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या भागातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेनंतर तरुणांचा अभ्यासवर्ग भरतो, आणि कोणाला शास्त्रवाचन द्यावे, कोणाला गायनाचे पुढारपण द्यावे, हा विषय निघाला की कोणीतरी प्राचीन इस्राएलातील लेवीयांचा, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातील लोकांचा, दाखला देते. बहुतेक वेळा बायबलातील गणना या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडला जातो, सेवेच्या वयाचा तीस वर्षांचा आकडा वाचला जातो आणि चर्चा तिथेच थांबते. माझ्या मते हा दाखला इतक्यावर सोडणे म्हणजे त्यातील सर्वांत मोलाचा भाग टाकून देणे होय, कारण लेवीयाला सेवेसाठी कसे तयार केले जाई, ती तयारी कोण करून घेई आणि कोणत्या कामासाठी किती परिपक्वता लागे, याविषयी शास्त्र बरेच काही सांगते. वर्ग घेणाऱ्याने हा विषय तीन-चार रविवारांत कसा मांडावा, ते येथे दिले आहे.

पहिल्या बैठकीत गणना ४, गणना ८ आणि १ इतिहास २३ हे तीन अध्याय वाचून घ्यावेत आणि फळ्यावर ३०, २५ व २० असे तीन आकडे मांडावेत. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे वर्गाच्या लगेच लक्षात येईल. ते जुळवून टाकण्याची घाई करू नये. प्रत्येक आकडा कोणत्या कामाशी जोडलेला आहे, ते आधी विचारावे. गणना ४ मधील शिरगणती निवासमंडप, म्हणजे अरण्यातील प्रवासात सोबत नेला जाणारा उपासनेचा तंबू, वाहून नेणाऱ्यांची आहे : तीस ते पन्नास वयाचे पुरुष, लेवीयांच्या तीन घराण्यांतले, त्यांत कहाथाच्या घराण्यातले २,७५०, गेर्षोनाचे २,६३० आणि मरारीचे ३,२००, असे एकूण ८,५८०. गणना ८ मध्ये दर्शनमंडपाच्या, म्हणजे त्याच तंबूच्या, सेवेत येण्याचे वय पंचवीस सांगितले आहे. १ इतिहास २३ मध्ये दावीद राजाच्या अखेरच्या काळात ते वीसवर येते आणि त्याचे कारणही तिथेच दिलेले आहे : आता निवासमंडप व त्याचे सामान वाहून नेण्याची लेवीयांना गरज उरलेली नाही. काम बदलले तसे वयही बदलले, हे वर्गाने स्वतः मजकुरातून शोधून काढले पाहिजे. शिक्षकाने आधीच सांगून टाकू नये.

पंचवीस आणि तीस यांच्यातील अंतराविषयी यहुदी शिक्षकांनी पुढे दिलेले उत्तर मात्र अवश्य सांगावे. तालमूद या यहुदी शिक्षकांच्या चर्चांच्या संग्रहातील हुल्लीन या ग्रंथात म्हटले आहे की, लेवी पंचविसाव्या वर्षी शिकण्यासाठी येई आणि तिसाव्या वर्षी प्रत्यक्ष सेवेला लागे. त्यावरून तिथे असाही निष्कर्ष काढला आहे की, पाच वर्षांत ज्या शिष्याला आपल्या अभ्यासात चांगले चिन्ह दिसले नाही, त्याला ते पुढेही दिसणार नाही. एका गुरूंच्या मते तर त्यासाठी तीनच वर्षे पुरेत. हा उलगडा नंतरच्या शिक्षकांचा आहे, गणनेचा मजकूर स्वतः तसे म्हणत नाही, एवढा फरक स्पष्ट ठेवावा. तरीही शिकण्याची वर्षे हीसुद्धा सेवेचीच वर्षे आहेत, हा त्यामागील विचार आपल्या मंडळ्यांना फार उपयोगी आहे असे मला मनापासून वाटते.

दुसरी बैठक ओझ्याला द्यावी आणि तिच्यात घाई करू नये. मरारीच्या वंशजांकडे निवासमंडपाच्या फळ्या, अडसर, खांब आणि उथळ्या (फळ्या व खांब ज्यांत उभे करत त्या बैठका) होत्या. एकेक फळी दहा हात लांब व दीड हात रुंद, अशा अठ्ठेचाळीस फळ्या. आणि रुप्याच्या उथळ्या शंभर, प्रत्येक उथळी एक किक्कार वजनाची, म्हणजे आजच्या मापाने तीस किलोंहून अधिक. हा आकडा नुसता सांगून कळत नाही. सांगलीत हळदीचे पोते कोणाच्याही ओळखीचे असते. तीसेक किलो भरेल इतके पोते आणून एका तरुणाला ते आवारातून एक फेरी नेऊन परत आणायला सांगावे. पोते खाली ठेवल्यावर, अशा शंभर उथळ्या प्रत्येक मुक्कामावर गाड्यांतून उतरवायच्या, मांडायच्या आणि पुन्हा गाड्यांत चढवायच्या होत्या, असे सांगितले की तीस ते पन्नास ही मर्यादा का होती, हे समजावण्याची गरज राहत नाही. मरारीला चार गाड्या व आठ बैल, गेर्षोनाला दोन गाड्या व चार बैल दिले होते, आणि कहाथाला एकही गाडी नव्हती, कारण त्यांच्याकडची पवित्र उपकरणे खांद्यावरच वाहायची होती.

कहाथाच्या कामातला क्रम वर्गाकडून नीट वाचून घ्यावा. तळ हलण्याच्या वेळी आधी याजक अहरोन व त्याचे पुत्र आत जात, अंतरपट काढून त्याने कराराचा कोश, म्हणजे कराराच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, झाकत, त्यावर कातड्याचे आच्छादन घालत, वर निळे वस्त्र पसरत आणि दांडे बसवत. मेज, दीपवृक्ष, सोन्याची वेदी यांचीही अशीच झाकणी होई; पितळी वेदीची राख आधी काढली जाई आणि मग तिच्यावर जांभळे वस्त्र येई. हे सर्व पुरे झाल्यावरच कहाथाचे लोक उचलण्यास येत, आणि त्यांनी पवित्र वस्तूंना स्पर्श करायचा नसे. म्हणजे बळ कितीही असले तरी आपली वेळ येईपर्यंत थांबणे आणि आपल्या कामाची हद्द ओळखणे हेही तयारीतच मोडत होते. दाविदाने कोश नव्या गाडीवर घालून आणला तेव्हा त्याला हात लावल्यामुळे उज्जाचा मृत्यू झाला, आणि पुढच्या वेळी लेवीयांनी तो दांड्यांनी खांद्यावर वाहिला. २ शमुवेल ६ आणि १ इतिहास १५ हे दोन्ही अध्याय इथे एकत्र वाचावेत. मरारीविषयीची आणखी एक आज्ञा मला विशेष महत्त्वाची वाटते : त्यांनी वाहायचे सामान त्यांना नावनिशीवार नेमून द्यावे. खुंट्या आणि दोर यांचीसुद्धा जबाबदारी कोणाची, हे ठरलेले होते.

तिसऱ्या बैठकीत समर्पणाचा विधी घ्यावा. याजकांसाठी, म्हणजे अहरोनाच्या घराण्यासाठी, लेवीय या पुस्तकाचा आठवा अध्याय आणि लेवीयांसाठी गणना ८ शेजारी शेजारी ठेवले की फरक दिसतो. याजकांना स्नान, पवित्र वस्त्रे, अभिषेक. उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या व उजव्या पायाच्या अंगठ्याला मेंढ्याचे रक्त. आणि मग सात दिवस दर्शनमंडपाच्या दारातून बाहेर न जाणे. लेवीयांवर शुद्धीकरणाचे जल शिंपडले जाई, त्यांनी सर्वांगाचे मुंडण करून कपडे धुवायचे, आणि इस्राएल लोकांनी त्यांच्यावर हात ठेवायचे. हात ठेवणारे सर्वसाधारण लोक होते, याकडे वर्गाचे लक्ष वेधावे. याजकांच्या बाबतीत तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, किमान वय सांगतच नाही, पण म्हणून परिपक्वतेचा प्रश्न सुटत नाही. याजक एलीचे पुत्र प्रौढ होते, जन्माने याजक होते आणि सेवकाकडून अर्पणाच्या हंड्यात काटा घालवून लोकांचे मांस ओढून घेत होते. त्याच ठिकाणी तागाचे एफोद (याजकी वस्त्र) घातलेला बालक शमुवेल सेवा करत होता. हिज्कीया राजाच्या काळात तर याजक कमी पडले आणि लेवीयांनी त्यांना हात दिला, कारण शुद्ध होण्याबाबत लेवी याजकांपेक्षा अधिक सरळ मनाचे होते, असे २ इतिहास २९ स्पष्ट म्हणतो.

गायनाचा भाग आमच्याकडच्या तरुणांना सर्वांत जवळचा असतो. १ इतिहास २५ मध्ये परमेश्वरापुढे गाण्यात निपुण असे २८८ जण चोवीस वर्गांत विभागले आहेत, आणि चिठ्ठ्या टाकताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केलेला नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्यांच्या घरी मुलगा आधी भोपळा साफ करायला, लाकूड तासायला बसतो आणि जवारी काढण्याचे, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवण्याचे, काम त्याच्या हाती फार उशिरा येते. मंदिरातील गायकांचे शिक्षणही असेच घराण्यात, जाणत्याच्या शेजारी बसून झाले असावे, असे त्या अध्यायातील बाप-लेकांच्या याद्या वाचताना वाटते. हुल्लीनमध्ये असेही म्हटले आहे की, मंदिराच्या काळात लेवी वयामुळे सेवेस अपात्र ठरत नसे, आवाज गेला तरच ठरत असे.

पन्नाशीनंतरचा नियम शेवटच्या बैठकीत घ्यावा आणि त्या दिवशी मंडळीतील वडीलधाऱ्यांना मुद्दाम बोलवावे. गणना ८ म्हणते की, पन्नासाव्या वर्षी लेवीने कष्टाच्या सेवेतून निवृत्त व्हावे, पण दर्शनमंडपात आपल्या भाऊबंदांना रक्षणाच्या कामी साहाय्य करावे. मिश्ना या जुन्या यहुदी शिकवणीच्या संग्रहातील पितृवचनांत तीस हे बळाचे आणि पन्नास हे सल्ल्याचे वय म्हटले आहे. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते : साठीतील माणूस सर्व कामे स्वतःच्या हाती ठेवतो आणि तरुणांना सल्ला देण्याची वेळच त्याला मिळत नाही.

हा अभ्यास मंडळीत लागू करताना तीस वर्षांचा नियम करू नये. येशूने सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे लूक लिहितो, पण वयाचे कारण सांगत नाही. आपणही ते जोडू नये. शिवाय साताऱ्या-सांगलीकडची मुले विशीत पुण्याला शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जातात, त्यामुळे पाच वर्षांची उमेदवारी हवी असेल तर ती पंधराव्या-सोळाव्या वर्षीच सुरू करावी लागेल. त्यासाठी एक वही घालावी. त्यात शास्त्रवाचन, गायन, प्रभुभोजनाच्या मेजाची मांडणी, दानाचा हिशेब, दारावरचे स्वागत अशी कामे लिहून प्रत्येकापुढे शिकणाऱ्याचे नाव, शिकवणाऱ्याचे नाव आणि आरंभाची तारीख नोंदवावी. वाचकाने उतारा शनिवारी आपल्या जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवावा. हिशेबाचे काम एकट्याकडे कधीच देऊ नये. वर्षअखेरीस पाळकांनी व वडील मंडळाने वही पाहून कोणाकडे काम पूर्णपणे सोपवायचे ते ठरवावे, आणि ज्याच्याकडून ते काढून घेतले त्या ज्येष्ठाचे नाव त्याच पानावर नव्या शिकणाऱ्यापुढे शिक्षक म्हणून लिहावे.