दोन वर्षांसाठी सहकुटुंब जर्मनीला जाताना बॅगा कशा भराव्यात

कंपनीचं पत्र आलं, पासपोर्टवर व्हिसा चिकटला की घरात चार याद्या सुरू होतात. आजीची यादी डब्यांची, मुलांची खेळण्यांची, बाबांची वायरी-चार्जरची आणि आईची या सगळ्यांतून काय कापायचं याची. चौथी यादी खरी. बॅगा पहिल्या पंधरा-वीस दिवसांसाठी भरायच्या, दोन वर्षांसाठी नव्हे, हे आधीच ठरवून टाका. पुढचं बहुतेक सगळं तिथे मिळतं.

१. आधी वजन, मग सामान

तिकिटावर माणशी किती बॅगा लिहिल्या आहेत ते बघा. युरोपला जाताना इकॉनॉमीत साधारण २३ किलोची एक किंवा दोन बॅगा मिळतात आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते. जादा पैसे भरले तरी ३२ किलोच्या वरची बॅग सहसा घेत नाहीत. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर त्याचा हिशेब वेगळा, तो विमान कंपनीला विचारा. मोठी ट्रॉली बॅग रिकामीच चार-पाच किलोंची असते, हे विसरू नका. हातात धरायचा छोटा वजनकाटा घ्या आणि काटा २२ वर आला की थांबा. उरलेला किलो शेवटच्या रात्री कोणीतरी भरतंच.

२. कागदपत्रं हातातल्या बॅगेत

पासपोर्ट आणि नोकरीच्या करारासोबत लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, सगळे मूळ प्रतींत. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत तिथल्या पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. कुटुंबाच्या त्या नोंदणीला हे दाखले मागतात. अधिकृत जर्मन भाषांतर लागेल का, हे निघण्याआधी कंपनीला विचारून ठेवा.

मुलांचं लसीकरण कार्ड मात्र नीट उघडून बघा. जर्मनीत मार्च २०२० पासून पाळणाघरात किंवा शाळेत प्रवेशासाठी गोवरच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. मूल दोन वर्षांचं झालं की दोन डोस झालेले हवेत. आपल्याकडचं कार्ड म्हणजे घडीवर फाटलेलं, शिक्का पुसलेला, तारखेतला ३ की ८ कळत नाही असं. बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लशींची नावं, तारखा, सही आणि शिक्का घेऊन ठेवा.

३. औषधं आणि बॅटऱ्या

रोजची औषधं साधारण तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टनात, सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी. तिथे साधी पॅरासिटामॉलही औषधांच्या दुकानातच मिळते आणि रविवारी दुकानं बंद असतात. आलटून-पालटून एखादं औषधाचं दुकान उघडं असतं, पण नव्या गावात रात्री ते शोधत कोण फिरणार? त्यामुळे तापाचं औषध, थर्मामीटर आणि चष्म्याची जादा जोडी हवीच. हातातल्या बॅगेत द्रवाची बाटली १०० मिलिलिटरपर्यंतच चालते. बाळाच्या औषधाला सूट असते, पण बाटली तपासणीला वेगळी काढून दाखवा. पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीही टाकू नका.

४. स्वयंपाकघर

खरी भांडणं इथेच होतात. कुकर न्या, पण स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा; तिथे गॅस कमी, काचेच्या सपाट शेगड्या जास्त. दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा, कारण ते तिथे पटकन मिळत नाहीत. कुकर रिकामा नेऊ नका, आत डाळ-मसाल्यांची पाकिटं बसतात. लाटणं, सांडशी, मिसळणाचा डबा घ्या. जड पोळपाट राहू दे, ओट्यावरही पोळी लाटता येते. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, म्हणून मिक्सर चालतो. फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, अर्थिंगवाला अ‍ॅडाप्टर लागतो.

गोडा मसाला, भाजणी, मेतकूट घरचंच न्या. ते दुकानात मिळालं तरी तुमच्या घरचं नसतं. तूरडाळ आणि कणीक भारतीय दुकानांत मिळते, त्यांचं ओझं कशाला?

आता नाही म्हणायचं काय ते. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी मांस किंवा दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आजीचे पेढे, खवा, कढवलेलं तूप, सगळं गेलं. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत नकोत. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाहतुकीत धोकादायक माल धरतात. खोबऱ्याचा सुका कीस तिथल्या साध्या किराणा दुकानातही मिळतो.

५. कपडे

प्रत्येकाला थर्मलचे दोन जोड, एक बऱ्यापैकी जाकीट, एक सणाचा पोशाख. जाड कोट आणि बर्फातले बूट तिथेच घ्या. मुलांचे बूट एक नंबर मोठे घेऊन साठवू नका, पाय तुमच्या हिशेबाने वाढत नाहीत.

६. वाटणी

बाबांची एक बॅग, आईची एक बॅग असं करू नका. प्रत्येक बॅगेत चौघांचे थोडे थोडे कपडे ठेवा. एक बॅग मागे राहिली तरी कोणी उघडं पडत नाही. भरलेल्या बॅगेचे आतून-बाहेरून फोटो काढा आणि आत चिठ्ठीवर नाव, फोन लिहा.

शेवटी एका बॅगेत सगळ्यात वर एक कापडी पिशवी ठेवा. तिच्यात पुस्तकं, चिवड्याचं पाकीट, जादा टॉवेल, म्हणजे काउंटरवर वजन वाढलं तर काढून टाकायला मन घट्ट करावं लागणार नाही असं काहीतरी. पोचवायला आलेल्यांना टर्मिनलच्या बाहेर, बॅगा आत गेल्याचा फोन येईपर्यंत थांबायला सांगा. ती पिशवी कोणाच्या तरी हाती घरी जायला हवी.