बसमध्ये राहायला सोलापुरात येताय? आधी टप बघा, मग प्लॅन

नोकरी पुण्याची किंवा हैदराबादची, काम सगळं लॅपटॉपवर, आणि राहायला जुनी बस किंवा ट्रॅव्हलर घरासारखी करून घेतलेली. असा संसार घेऊन सोलापुरात येणारे आता अधूनमधून भेटतात. येणं शहाणपणाचं आहे. जागा मोकळी, खर्च कमी, पुणे-हैदराबाद महामार्ग दाराशी. गावाला बाहेरच्या माणसाची सवय आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू इथे एकाच बोळात ऐकू येतात. पण आलेल्यांची पहिल्या आठवड्यातली तक्रार ठरलेली असते : "सोलापूरला नेटच नाही." तसं नाही. बसमधून उतरून दहा पावलं चाला, फोनवर नेट व्यवस्थित येतं. परत आत गेलात की जातं. दोष गावाचा नाही, पत्र्याचा आहे.

बसची बॉडी म्हणजे चारी बाजूंनी लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम. मोबाइलच्या लहरी आत येतात त्या फक्त काचांतून, आणि काचांवर धातूची झाक असलेली फिल्म लावली असेल तर तिथूनही नीट येत नाहीत. हे मोजून बघता येतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की फोनची माहिती उघडते. त्यात आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो तो आकडा बघा. उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे १०० चालण्याजोगा, उणे ११० च्या खाली रडतखडत. बाहेर उभं राहून एकदा आणि आत झोपायच्या जागी एकदा, असा वहीत लिहा. दहा ते वीस डेसिबलचा फरक सहज दिसेल. दहा डेसिबल म्हणजे सिग्नलच्या ताकदीत दहापट फरक. हा फरक कुठलाही महागडा प्लॅन भरून काढत नाही. म्हणून पहिला खर्च टपावरच्या अँटेनाचा, दुसरा वीजजोडणीचा आणि मग राउटरचा. प्लॅन सगळ्यात शेवटी.

बूस्टरच्या, म्हणजे मोबाइलचा सिग्नल वाढवून परत सोडणाऱ्या यंत्राच्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेतल्या बसवाल्यांचे व्हिडिओ बघून येणारे बूस्टर विचारत येतात, ऑनलाइन मिळतोही. तिथे ठरावीक मान्यता असलेला बूस्टर ग्राहकाला लावता येतो. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगणं, विकणं आणि वापरणं, तिन्ही गुन्हे आहेत. शिवाय तो आजूबाजूच्या टॉवरला गोंगाट देतो, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन खराब करतो. ज्या गावाने जागा दिली त्या गावाचं नेट बिघडवून राहायचं नाही. परदेशातून आणलेल्या उपग्रह-डिशचंही तसंच, परवान्याशिवाय ती लावू नका. टपावर अँटेना आणि खाली राउटर ही रचना मात्र पूर्ण कायदेशीर आहे, कारण टॉवरशी बोलतो तो मान्यता असलेला राउटरच.

अँटेना दोन जातींचा. सतत फिरणार असाल तर चहूबाजूंनी ऐकणारा घुमट. बाळे, होटगी रोड किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला महिनोन् महिने एका जागी उभे राहणार असाल तर एका दिशेला तोंड करणारा पॅनेल. सोलापूर सपाट माळाचं, झाडी विरळ, टॉवर लांबून उघडा दिसतो. इथे पॅनेल फार चांगलं काम करतो. जवळचे टॉवर कुठे आहेत ते दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर बघता येतं. पॅनेल फिरवताना घाई नको. पंधरा-वीस अंश फिरवा, मिनिटभर थांबा, आकडा लिहा, पुन्हा फिरवा. या वेळी आरएसआरपी नको, राउटरच्या सेटिंगमध्ये दिसणारा एसआयएनआर बघा, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती तो आकडा. सिग्नल जोरात पण गोंगाटही तितकाच असेल तर वेग मिळत नाही. एसआयएनआर १३ च्या वर गेला की तिथेच घट्ट करा, शून्याच्या खाली असेल तर दुसरा टॉवर शोधा. कित्येकदा सगळ्यात जवळचा टॉवर सोडून लांबचा, कमी गर्दीचा टॉवर जास्त वेग देतो.

टपाला भोक पाडताना आतून बॉडीच्या फासळ्या कुठे आहेत ते आधी ठोकून बघा. भोक दोन फासळ्यांच्या मध्ये पाडा, आणि आतल्या आवरणामागून दिव्यांची वायर जात नाही ना याची खात्री करा. उघड्या पडलेल्या कडेला झिंक प्रायमर, वरून पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन नको, ते पत्र्याच्या ताणाबरोबर सुटतं आणि वळवाच्या पहिल्या सरीला गादी भिजते. सोलर पॅनेलच्या कडेपासून अँटेना निदान हातभर दूर आणि पॅनेलपेक्षा उंच ठेवा.

केबल आखूड ठेवा. बारीक आरजी-५८ केबल दहा मीटर ओढली तर ३५०० मेगाहर्ट्झच्या ५जी सिग्नलचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग केबलमध्येच संपतो. मग टपावरचा चांगला अँटेना असून नसल्यासारखा. एलएमआर-२४० जातीची केबल दोन मीटर वापरली तर जेमतेम एक डेसिबल जातो. राउटर अँटेनाच्या खालीच, दोन-अडीच मीटरच्या आत बसवा. पुढे ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत नेट न्यायचं असेल तर इथरनेटची वायर न्या, अँटेनाची नाही. जोडण्याही तपासा. अँटेनाच्या स्क्रूच्या जोडण्या दोन जातींच्या : मोबाइलच्या बाजूला एसएमए, वायफायच्या बाजूला आरपी-एसएमए. दोन्ही एकमेकांवर फिरून घट्ट बसतात, पण मधे पिन आणि भोक यांची गाठ पडत नाही आणि माणूस चार दिवस कंपनीला फोन करत बसतो.

आता वीज. सगळ्यात महाग चूक इथेच होते आणि प्रत्येक नवा माणूस तीच करतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

ट्रॅव्हलर बहुतेक १२ व्होल्टची असते, पण मोठी बस २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. राउटर १२ व्होल्टचा. तो थेट २४ ला जोडला तर जळतो हे सगळ्यांना कळतं. म्हणून लोक काय करतात, दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. गॅरेजमधला वायरमनही हेच सुचवतो, कारण टेप आणि पंख्यासाठी वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. हे करू नका. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा जनरेटर, दोन्ही बॅटऱ्यांना मिळून चार्ज देतो. एकीतून राउटर चोवीस तास खातो, दुसरीतून कोणी काही घेत नाही. पहिली कायम उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरत राहून तिचं पाणी उकळतं. काही महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या बाद. त्यातून ती वरची, म्हणजे बॉडीला थेट न जोडलेली बॅटरी असेल तर आणखी मोठा धोका : तिचं ऋण टोक बॉडीपेक्षा १२ व्होल्टने वर असतं, राउटरमधून तेच टोक अँटेनाच्या केबलच्या जाळीवर येतं, आणि जाळी टपाच्या पत्र्याला टेकलेली असते. म्हणजे बॅटरीचा शॉर्ट राउटरच्या पोटातून. वायर लाल होते, लाकडी कपाट पेट घेऊ शकतं.

बरोबर पद्धत अशी. २४ चे १२ करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या, गाडीसाठी बनवलेला, आत ९ ते ३६ व्होल्ट चालणारा, बाहेर स्थिर १२ व्होल्ट, ५ अँपिअर. तो दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर, पूर्ण २४ वर जोडा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज. वायर दीड ते अडीच चौरस मिलिमीटर. राउटर लावण्याआधी कन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकाला मल्टिमीटर लावा, १२ दिसतंय का बघा, आणि मग इंजिन सुरू करून पुन्हा बघा. चार्जिंगच्या वेळी आत २८ च्या वर जातं, बाहेरचं १२ हललं नाही पाहिजे. ट्रॅव्हलरवाल्यांनीही कन्व्हर्टर गाळू नये. सेल्फ मारताना १२ ची बॅटरी दोन-तीन व्होल्ट खाली बसते आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. नेमकी तेव्हाच मीटिंग चालू असते. राउटरच्या पिनेची जाडीही बघून घ्या. २.१ आणि २.५ मिलिमीटरच्या पिना सारख्याच दिसतात, सैल बसली की खड्ड्यात नेट जातं.

पुन्हा एकदा : दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका. वायरमन कितीही जुना असो, नम्रपणे नाही म्हणा.

राहायची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी असेल तर उत्तमच. हिशोब सोपा आहे. राउटर सरासरी १२ वॅट धरला तर दिवसाला २८८ वॅट-तास लागतात. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२८० वॅट-तासांची. सोलापूरच्या उन्हात १०० वॅटचा एक सोलर पॅनेल एवढा भार सहज पेलतो, पावसाळ्यातले ढगाळ आठवडे सोडून.

ते ऊनच राउटरचा दुसरा शत्रू. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं. इथे एप्रिल-मेमध्ये सावलीतलं तापमानच ४२-४३ वर जातं; दुपारी बंद बसच्या टपाखाली काय होत असेल ते हाताने कळतं. आधी वेग मंदावतो, मग राउटर आपोआप बंद होतो, आणि संध्याकाळी सगळं सुरळीत. लोक याला "दुपारी नेटवर्क जातं" म्हणतात. ७५ अंश सोसणारे औद्योगिक राउटर मिळतात, टेल्टोनिकाचा आरयूटीएक्स५० त्यातलाच. महाग आहे, पण नोकरी त्यावर असेल तर घ्यावा. नाहीतर साधा राउटर टपाला चिकटवू नका. वरच्या कपाटाच्या तळाशी ठेवा, खाली-वर हवेला जाळी, बाजूला ४० मिलिमीटरचा छोटा पंखा. टपाला पांढरा रंग द्या. सिम वितळण्याची भीती बाळगू नका, पण प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ते सैल होतं. मे महिन्यात एकदा काढून पुसून बसवा.

राउटर घेताना बँड, म्हणजे तो कुठल्या लहरींवर चालतो ते विचारा. आपल्याकडे ४जीला बँड १, ३, ५, ८, ४० आणि ५जीला एन २८, एन ७८ पाहिजेत. परदेशी बाजारासाठी बनलेल्या राउटरमध्ये यातले काही नसतात, म्हणून अमेरिकेतल्या भावाकडून मागवू नका. जिओची ५जी स्वतंत्र धर्तीची, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारी, एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधाराने केली. राउटरला दोन्ही यायला पाहिजे. ७०० मेगाहर्ट्झच्या (एन २८) लहरी लांब जातात, ३५०० च्या (एन ७८) वेग देतात पण पत्र्यापुढे हार मानतात. नान्नजच्या माळरानाकडे किंवा उजनीच्या पाण्याकाठी मुक्काम असेल तर लांब जाणारा बँडच कामाला येतो.

सिम दोन, दोन वेगळ्या कंपन्यांची. कुठली चांगली या वादात पडू नका, चार किलोमीटरवर उत्तर बदलतं. राउटरमध्ये तपासणी लावून ठेवा : दर तीस सेकंदांनी बाहेर पिंग, तीनदा उत्तर नाही आलं की दुसऱ्या सिमवर. बँकेचं सिम राउटरमध्ये घालू नका, ओटीपी तिथेच अडकतो. घरासाठी मिळणारी एअरफायबर जोडणी पत्त्यावर दिलेली असते, हलत्या बसचा भरवसा तिच्यावर ठेवू नका. कंपनीचं व्हीपीएन जोडलं जातं पण फाइल पुढे सरकत नाही असं झालं तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याची मर्यादा, १४०० करून बघा.

गर्दीचे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते तेव्हा संध्याकाळी होम मैदानाच्या परिसरात सिग्नल पूर्ण दिसेल आणि नेट हलणार नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, कोजागरीला तुळजापूरची वाट. त्या दिवशी महत्त्वाची मीटिंग असेल तर बस गावाबाहेर घ्या. यात्रेला मात्र जा. इथे राहून गड्डा न बघणारे, आपापसातच बसणारे नवे लोक सोलापूरला शेवटपर्यंत परके राहतात.

ओळख वाढवण्याचा फायदा नेटलाही होतो. सोलापूरकर बोलायला रोखठोक, पण एकदा जीव लावला की अंगणात बस लावू देतात. अशा घरी फायबर असेल तर त्यांच्या वायफायचा पासवर्ड मागत बसू नका, भिंती आणि पत्रा दोन्ही आडवे येतात. बिलाचा वाटा देऊ करा आणि त्यांच्या राउटरवरून बाहेर वापरायची कॅट-६ केबल बसपर्यंत आणा. नव्वद-शंभर मीटरपर्यंत ती काही गमावत नाही. बसच्या राउटरला ती पहिली वाट, सिम दुसरी आणि तिसरी. एवढ्या पैशांत याहून भरवशाचं नेट कुठेच मिळत नाही.

विजापूर रोडने भीमा ओलांडलीत किंवा अक्कलकोटच्या पुढे गेलात की मोबाइल कंपन्यांचं कर्नाटक सर्कल, म्हणजे वेगळा सेवा-विभाग लागतो. फोन चालतो, राउटर बंद पडतो, कारण त्यात डेटा रोमिंग बंद असतं. देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, ते चालू करून ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटून वळवाचा वारा सुटला की गडगडाट सुरू होण्याआधीच घराकडून आलेली इथरनेट केबल राउटरमधून उपसा आणि उंच दांड्यावर अँटेना असेल तर तो खाली घ्या. पाऊस अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, तोवर सिमवर काम चालतं.