नवी नर्स कामाला तयार आहे की नाही, हे कसं ठरतं? या चुका टाळा

मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसायला लागले तेव्हा कळलं, की समोरच्या मुलीच्या मार्कलिस्टकडे आम्ही फार तर अर्धा मिनिट बघतो. पास आहे, नोंदणी आहे, झालं. नंतरचा सगळा वेळ एकाच प्रश्नाभोवती फिरतो आणि तो प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही: रात्री तीन वाजता हिच्यावर वॉर्ड सोपवून मी शेजारच्या वॉर्डात गेले, तर माझा जीव थाऱ्यावर राहील का?

हिला सगळं येतं का, हा तो प्रश्न नव्हे. सगळं कुणालाच येत नाही. आपल्याला येत नाही हे जिला वेळेवर कळतं आणि कळल्यावर जी हाक मारते, तिच्या हातात वॉर्ड देता येतो. (मुलगेही येतात मुलाखतीला, त्यांनाही हेच लागू.)

कॉलेज आणि रुग्णालय यांच्या नजरेत किती फरक असतो, याचं एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत २००८ च्या सुमारास झालेल्या एका सर्वेक्षणात नर्सिंग कॉलेजच्या प्रमुखांपैकी जवळपास ९० टक्के जणांना आपले विद्यार्थी कामाला तयार आहेत असं वाटत होतं. रुग्णालयं चालवणाऱ्यांपैकी तसं वाटणारे होते जेमतेम १० टक्के. दोघंही खोटं बोलत नव्हते. कॉलेज शिकवलेलं येतं का ते बघत होतं, आणि रुग्णालय न शिकवलेलं समोर आलं तर काय होईल ते.

‘येतं’ म्हणायची घाई

“कॅन्युला टाकता येते?” “हो.” “कॅथेटर?” “हो.” “ट्रॅकिऑस्टॉमीचं सक्शन?” “हो.” (म्हणजे शिरेत टाकायची नळी, लघवीची नळी आणि गळ्यात बसवलेल्या श्वासाच्या नळीतला कफ ओढून काढणं.) चौथ्या ‘हो’पर्यंत आम्ही पेन खाली ठेवलेलं असतं. नुकती पास झालेली मुलगी प्रत्येक गोष्टीला हो म्हणते, तेव्हा तिच्या कुठल्याच ‘हो’वर भरवसा उरत नाही. शिवाय पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “शेवटचं कधी केलंत, आणि शेजारी कोण उभं होतं?” तिथे पत्ते उघडे पडतात.

यावर उपाय सोपा आहे. मुलाखतीआधी एका कागदावर तीन रकाने आखा: एकटीनं केलंय, कुणाच्या देखरेखीखाली केलंय, फक्त पाहिलंय. प्रत्येक कौशल्य प्रामाणिकपणे त्यात टाका आणि उत्तर त्याच भाषेत द्या. “कॅन्युला आठ-दहा वेळा टाकली आहे, प्रत्येक वेळी सिस्टर शेजारी होत्या. सक्शन फक्त पाहिलंय.” हे ऐकल्यावर मला या मुलीला पहिल्या महिन्यात काय शिकवायचं ते लगेच कळतं. रिकामा तिसरा रकाना मात्र मला घाबरवतो.

आकडे वाचले, पेशंट राहिला

सगळ्यात जास्त मुली इथे अडतात, म्हणून इथे जरा थांबते.

परीक्षेच्या टेबलावर एक कागद असतो. काल पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट. नाडी ११८, बीपी ९६/६०, श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९४ टक्के, ताप नाही. लघवीच्या पिशवीत गेल्या दोन तासांत मिळून ३० मिली. पूर्ण शुद्धीवर आहे, बोलतोय, फक्त म्हणतो, “जरा कसंतरी होतंय.” काय कराल?

नेहमीचं उत्तर: “बीपी कमी आहे, डॉक्टरांना कळवीन.” हे चूक नाही, पण एवढ्यावर भागत नाही. बीपी हा एकच आकडा तिनं उचलला, बाकीचे कागदावरच राहिले. बरेचदा बीपी घसरण्याआधीच नाडी आणि श्वास वाढलेले असतात. लघवी कमी होत चाललेली असते. पेशंट स्वतःच सांगत असतो की काहीतरी बिनसलंय. हे सगळे धागे एकत्र धरले तर ‘आतून रक्तस्राव तर होत नाहीये ना’ ही शंका आपोआप पुढे येते.

अनेक रुग्णालयं अशा वेळी गुणांची पद्धत वापरतात: आकडा जितका बिघडलेला, तितके गुण जास्त. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये अशी एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारून ‘न्यूज-२’ केली. त्यात आपल्या पेशंटचा हिशेब असा होतो: श्वासाचे ३, सॅच्युरेशनचा १, बीपीचे २, नाडीचे २. एकूण ८. सात किंवा त्याहून जास्त म्हणजे तातडीचा प्रतिसाद. म्हणजे जो पेशंट समोर बसून आपल्याशी बोलतोय, तो कागदावर आधीच धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेला आहे. यातला सर्वात जड आकडा बीपीचा नाही, श्वासाचा आहे, हेही बघा.

आम्हाला कसं उत्तर आवडतं? “मी आधी पेशंटजवळ जाईन. हातपाय थंड आहेत का, घाम आलाय का बघीन. ड्रेसिंग आणि ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतून स्राव बाहेर काढणारी नळी) बघीन, पाठीखाली हात घालून चादर ओली आहे का तपासीन. सकाळचे आकडे काय होते ते चाळीन. आयव्ही लाइन चालू आहे याची खात्री करीन. पेशंटला सोडून जाणार नाही, इन-चार्ज सिस्टरना तिथूनच हाक मारीन.” पाठीखाली हात घालणं हे एक वाक्य ऐकलं की आमच्यातली कुणीतरी मान डोलावतेच. वरून कोरडं दिसणारं ड्रेसिंग आणि खाली भिजलेली चादर आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेली असते.

श्वासाबद्दल एक पोटतिडकीची गोष्ट. एकदा तक्ते तपासताना मला वॉर्डातल्या झाडून सगळ्या पेशंटचा श्वास २० लिहिलेला दिसला. दम लागून उठून बसलेल्या आजोबांचाही २०. कुणी मोजलाच नव्हता. नवी मुलगी आली की मी तिच्या हातात घड्याळ आहे का ते बघते, आणि श्वास मोजताना ती काय करते ते बघते. जिला येतं ती नाडी बघितल्यासारखं मनगट तसंच धरून ठेवते आणि नजर छातीकडे नेते, कारण मोजतोय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. आणि ती पूर्ण मिनिट थांबते. तेवढं एक मिनिट मला तिच्याबद्दल बरंच काही सांगून जातं.

रिकाम्या हातानं केलेला फोन

“सर, पाच नंबरचा पेशंट बरोबर वाटत नाहीये.” पलीकडून विचारणा होते: बीपी किती? बघून सांगते. लघवी? बघते. कुठलं ऑपरेशन? फाइल आणते. फोन ठेवल्यावर मुलगी रडवेली होते आणि पुढच्या वेळी फोन करायलाच कचरते. खरं नुकसान हे दुसरं.

यासाठी ‘एसबार’ (SBAR) ही माहिती सांगायची चार भागांची चौकट बहुतेक ठिकाणी शिकवतात. ती मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, मागची हकिकत काय, मला काय वाटतंय, मला काय हवंय. पहिले दोन भाग नव्या मुलींना जमतात. तिसऱ्याला जीभ अडखळते, ‘मी कोण सांगणारी’ असं वाटतं. आणि चौथा तर बहुतेक जणी गाळूनच टाकतात. “मला रक्तस्रावाची शंका येतेय, तुम्ही आत्ता येऊन बघावं असं वाटतं.” हे वाक्य आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघा. परीक्षेत आम्ही मुद्दाम त्रासलेल्या आवाजात “सकाळी बघू” म्हणतो. तिथे गप्प बसलात तर गुण गेले. “आकडे धोक्याचे आहेत, मी इन-चार्ज सिस्टरनाही सांगतेय,” असं नम्रपणे पण ठामपणे म्हटलंत तर मिळाले.

गणित

औषधांच्या हिशेबाची छोटी लेखी परीक्षा बऱ्याच ठिकाणी असते आणि तिथे हुशार मुली धडाधड पडतात. हिशेब अवघड नसतो. १२ किलोचं मूल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. सिरपच्या ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर द्यायचं ३.६ मिली. सलाइनचंही तसंच: ५०० मिली चार तासांत, सेटचे (सलाइनच्या नळीचे) २० थेंब म्हणजे एक मिली, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब.

घोटाळा होतो तो दशांश चिन्हाचा. ३.६ चे ३६ होतात आणि मुलगी बिनदिक्कत ३६ लिहून मोकळी होते. तिला सूत्र येत होतं, पण ‘एवढ्याशा मुलाला सात चमचे सिरप?’ हा प्रश्न तिच्या मनात आला नाही. म्हणून उत्तर काढण्याआधी अंदाज लिहा. एकापेक्षा कमी असेल तर ०.५ असा पुढचा शून्य द्या, आणि ५ लिहायचं तिथे ५.० लिहू नका, घाईत ते ५० वाचलं जातं.

आधीच भरून ठेवलेला तक्ता

दहाची नोंद साडेनऊला करून ठेवली, कारण दहाला गर्दी होते. अशी मुलगी मी प्रोबेशनमध्ये थांबवलेली आहे, आणि परत वेळ आली तर परत थांबवीन. उशीर झाला तर उशिराचीच वेळ घाला. ‘पेशंट ठीक’ हेही लिहू नका. दुखणं दहापैकी किती, काय दिलं, किती वाजता, अर्ध्या तासानं काय म्हणाला, हे लिहा.

“तुमची एखादी चूक सांगा”

“मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे” हे उत्तर आम्हाला पाठ झालंय. खरी चूक सांगा: काय झालं, कुणाला कधी सांगितलं, पेशंटसाठी लगेच काय केलं, नंतर स्वतःची कुठली सवय बदलली. ‘कुणाला कधी सांगितलं’ यावर आमचे कान टवकारलेले असतात. माझी स्वतःची सांगते. नवी असताना मी एका नावाच्या दोन पेशंटांपैकी भलत्याच्याच उशाशी गोळ्या नेल्या होत्या. मनगटपट्टी वाचली म्हणून तिथेच थांबले. पण सिस्टरना सांगितलं दुसऱ्या दिवशी, तेही घाबरत. त्या चुकीवर रागावल्या नाहीत, एक दिवस थांबल्याबद्दल रागावल्या. रात्रपाळीतही त्याच दोन खाटा होत्या आणि त्यांना कुणी सावध केलं नव्हतं.

पारख करणाऱ्यांचंही चुकतं

हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. धीटपणा म्हणजे तयारी, असं समजणारे खूप आहेत. मीही त्यात होते. घडाघडा बोलणारी मुलगी निवडली जाते आणि विचार करून, थांबून बोलणारी मागे पडते. वॉर्डात कधीकधी नेमकं उलटं निघतं. दुसरी चूक वेगाची: पहिल्याच आठवड्यात सगळ्या खाटा आवरल्या म्हणून शाबासकी. काय गाळून आवरल्या, हे कुणी बघत नाही.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवखी ते निष्णात. नुकती पास झालेली मुलगी त्यात दुसऱ्या पायरीच्या आसपास असते आणि तिसरीवर यायला साधारण दोन-तीन वर्षं एकाच तऱ्हेच्या कामात जावी लागतात. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, मार्लिन क्रेमर यांनी पहिल्या नोकरीत बसणाऱ्या धक्क्यावर लिहिलं, आणि ‘रिॲलिटी शॉक’ हा शब्द तेव्हापासून नर्सिंगमध्ये रुळला. एवढं माहीत असूनही तिसऱ्या आठवड्यात “अजून हिला जमत नाही” असा शेरा मारणारे आहेतच.

अडलंच तर

“अजून सुधारणा हवी” एवढाच शेरा मिळाला, तर तो घेऊन घरी जाऊ नका. विचारा: “गेल्या चार ड्यूट्यांतली कुठली गोष्ट?” आणि तारीख ठरवून पुन्हा तीच गोष्ट बघायला सांगा. प्रोबेशन वाढवलं तर ते कशासाठी, ते लेखी मागा. झेपत नाही इतके पेशंट दिले तर “मला जमणार नाही” म्हणण्याऐवजी “यातले दोन अस्थिर आहेत, तिसरा नुकताच ऑपरेशनहून आलाय, कुणाचं काम कोण बघेल?” असं विचारा. ही तक्रार वाटत नाही, कामाची वाटणी वाटते. मुलाखतीत डोकं रिकामं झालं तर “मी पुन्हा एकदा आकडे वाचते” म्हणून कागद हातात घ्या. कुणी गुण कापत नाही.

आणि शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय?” म्हटल्यावर सुट्ट्यांच्या आधी हे विचारा: “पहिल्या नाइट ड्यूटीला माझ्याबरोबर कोण असेल?” आमच्या शेऱ्यांच्या कागदावर यासाठी वेगळा रकाना नाही. मी समासात बरोबरची खूण करते.